रुमाल टाकलेली जागा

१

जुने बल्ब काढून एलईडी लावायचे, एवढंच काम होतं. तेही खेळण्यातल्या आगगाडीच्या डब्यांत.

खाणी बंद पडल्यापासून मी मिळेल ते काम घेत होतो. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप. त्याआधी अर्धं आयुष्य डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये ट्रकांचं वायरिंग करण्यात गेलं होतं. ट्रक काय आणि आगगाडी काय, वायर ती वायर.

गाडी होती पेडण्याला, पांडुरंग कोरगावकरांच्या घरी. पांडुरंग जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. हॅम्बुर्गहून त्यांनी ही गाडी आणली आणि घराची मागची खोली तिला देऊन टाकली. टेबलांवर फळ्या, फळ्यांवर रूळ, कागदाच्या लगद्याचे डोंगर, कोपऱ्यात तेरेखोलचा किल्ला. गोवा राज्य झालं त्या सुमाराला सगळा तालुका मराठी की कोकणी म्हणून एकमेकांच्या उरावर बसला होता, तेव्हा हा माणूस रजेवर आला की दार लावून रूळ जोडत बसायचा. त्यांची गाडी पेडण्याहून सुटते, डिचोलीवरून तेरेखोलला जाते आणि वळसा घालून परत येते. पुढे पेडण्याला खरी रेल्वे आली. डिचोलीला अजून यायची आहे. पांडुरंगांनी मात्र डिचोलीला फलाट बांधला होता, आणि पाटीवर एका बाजूला मराठीत डिचोली, दुसऱ्या बाजूला कोकणीत दिवचल असं लिहिलं होतं. म्हणजे कुणाचं भांडण नको.

पांडुरंग वारले. घरात दुःख म्हणून गेली गणपतीची चवथ साधीच झाली. या चवथीला गाडी पुन्हा चालवायची असं त्यांच्या बायकोनं, पद्मावतीकाकींनी ठरवलं होतं. चवथीत सगळी वाडी ही गाडी बघायला यायची. पण जुन्या बल्बांचे डोळे गेले होते, आणि जे पेटत होते त्यांच्या उष्णतेनं एका डब्याचं छप्पर पापडासारखं वाकलं होतं. काकींचा मुलगा रुद्रेश पणजीला सरकारी नोकरीत. त्यानं मला गाठलं.

"दिवे घाल आणि तिला खूश कर," तो म्हणाला. "चवथ झाली की तिला पणजीला नेतो. एकटीला किती दिवस ठेवणार?"

काकी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

"मी खंय येवचंय नाय," त्या म्हणाल्या. "माजी जागा धरलली आसा."

मला वाटलं, घराबद्दल बोलतायत.

२

काम किचकट, पण अवघड नाही. डब्याचं छप्पर खालच्या खाचांतून सोडवून उचलायचं. जुना बल्ब, त्याची कुजलेली वायर काढायची. एलईडीची पट्टी मापानं कापून छपराला आतून चिकटवायची. चाकांवरून वीज घ्यायची. गाडी उलटी धावली की वीजही उलटी होते, म्हणून मध्ये ती एकाच दिशेला वळवणारा एक ब्रिज, एक रेझिस्टर आणि शेवटी कपॅसिटर. कपॅसिटरचं काम एवढंच की रुळावर धूळ असली तरी दिवा लुकलुकू नये. त्यानं थोडी वीज साठवलेली असते. गाडी थांबली, वीज गेली, तरी दिवा लगेच जात नाही. सावकाश मंदावतो. जुने बल्ब फट्दिशी विझायचे. काकींना मी हे समजावून सांगितलं.

"म्हणजे गाडी थांबल्यार माणसांक उतराक वेळ गावता," त्या म्हणाल्या.

"तसंच धरा," मी म्हणालो.

डब्यांत माणसं होती. मोहरीएवढ्या डोक्यांची, बाकांवर चिकटवलेली. जर्मन कोट घातलेली माणसं पांडुरंगांनी रंगवून पेडण्याची केली होती; एकीला नऊवारी, एका भटजीला सोवळं. शेवटच्या डब्यात मात्र एकच माणूस होता. पांढरा हाफ शर्ट, काळी टोपी. स्वतः पांडुरंग. खोलीत त्यांचा फोटो लावलेला होता, त्यात तोच शर्ट आणि तीच टोपी. त्यांच्या शेजारची खिडकीजवळची जागा रिकामी होती, आणि तिच्यावर नखाएवढी तांबड्या चौकड्यांची एक चिंधी पडलेली होती. रूळ पुसायच्या फडक्याचा तुकडा असणार. मी ब्रशनं तो झाडून काढला आणि बाकीच्या कचऱ्याबरोबर टाकून दिला.

सगळे डबे झाले तेव्हा दुपार होती. बाहेर पाऊस. काकींनी खिडक्यांची झडपं लावून घेतली, मी गाडी सोडली, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाचे चौकोन धावायला लागले. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. जुन्या बल्बांच्या पिवळट उजेडात असं काही दिसत नसे. आता प्रत्येक खिडकीचा चौकोन भिंतीवर मोठा होऊन पडत होता, आणि त्यात बसलेल्या माणसांच्या सावल्या. शेवटच्या डब्यात टोपीवाल्याची सावली आपल्या चौकोनात बसून पुढे जात होती.

काकी खुर्चीत बसून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

डिचोलीच्या फलाटाला गाडी लागत नव्हती. तिथला रूळ बदलायचा सांधा गंजून अडकला होता, त्यामुळे गाडी बाजूच्या रुळावरून तशीच पुढे निघून जायची. मी म्हणालो, चवथीआधी एकदा येऊन करून देतो.

३

पुढच्या खेपेला मी माझ्या बायकोला, प्रतीक्षाला बरोबर नेलं. भिंतीवरच्या सावल्यांचं मी घरी इतकं वर्णन केलं होतं की तिला ते बघायचंच होतं. शिवाय तिला पेडण्याच्या बाजारात काहीबाही घ्यायचं होतं. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान तिथं चांगलं मिळतं असा तिचा समज.

काकींना ती आवडली. दोघींनी चहा घेतला, मी सांध्याला तेल सोडलं, तो काही हलला नाही. मग झडपं लावून गाडी सोडली.

"डिचोलेक रेल्वे!" प्रतीक्षा हसली. "काकी, म्हाकाय बसय गो हातूंत. बशीन धक्के खावन कंबर मोडली."

"बस गो बाये," काकीही हसून म्हणाल्या. "जागा आसा थंय बस."

गाडीनं वळसा घेतला. शेवटचा डबा भिंतीवर आला. टोपीवाल्याची सावली, आणि तिच्या शेजारी आणखी एक.

मी आधी ते नीट पाहिलंही नाही. प्रतीक्षाच म्हणाली, "अरे, तिचे केस पळय. म्हजेच कशे."

प्रतीक्षा केस वर गुंडाळून त्यांना एक मोठा प्लास्टिकचा चाप लावते. चापाचे दात वर आलेले असतात. भिंतीवरच्या डोक्यावर ते दात होते.

काकींचं हसणं थांबलं होतं. त्या भिंतीकडे नाही, प्रतीक्षाकडे बघत होत्या.

४

मी माणूस हिशेबी डोक्याचा. गाडी थांबवली, शेवटचा डबा उचलला, छप्पर काढलं. आत एकटे पांडुरंग. शेजारची जागा रिकामी.

याचं कारण मला लगेच सापडलं. बल्ब एक असतो, त्याची सावली एक पडते. पट्टीवर एलईडी अनेक असतात, आणि प्रत्येकाची सावली वेगळी. एका माणसाच्या दोन सावल्या पडल्या, त्यात कसलं आश्चर्य? मी तसं सांगितलंही. प्रतीक्षाला पटलं. काकी झडपं उघडायला उठल्या.

तसं असेल तर दोन्ही सावल्यांना टोपी हवी होती. हे मला छप्पर परत बसवताना सुचलं. आणि छप्पर बसवताना माझं बोट त्या रिकाम्या बाकाला लागलं. बाक गरम होता. एलईडी तापत नाही, त्यासाठीच तर तो लावायचा. बाकीचे बाक मी बोटानं चाचपून पाहिले, ते गार होते. हा एवढाच गरम होता, बसमधला माणूस उठून गेल्यावर सीट असते तितपत.

मी छप्पर दाबून बसवलं आणि खाच लागल्याचा आवाज ऐकला. प्रतीक्षाला म्हटलं, चल, बस चुकेल.

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसली आणि डिचोली येईपर्यंत मागे पळणारी झाडं बघत राहिली. उतरायच्या वेळी मी तिला हात धरून उठवलं.

५

त्यानंतरच्या दिवसांत प्रतीक्षा दुपारची खिडकीत बसायला लागली.

सकाळी ठीक असायची. स्वयंपाक, धुणी, शेजारणीशी गप्पा. दुपारी जेवणं झाली की खुर्ची ओढून खिडकीशी बसायची, आणि मग तिला हाक मारली तर उत्तर उशिरा यायचं. हात गार. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मी त्या तिला स्वतःच्या हातानं देत होतो. एकदा मी विचारलं, "कितें पळयता इतलें?" तर म्हणाली, "कांय ना रे. झाडां वतात."

आमच्या खिडकीसमोर पत्र्याचं गॅरेज आहे. मागे पळायला एक झाड नाही.

मग एका दुपारी मी काकींना फोन केला, दिवे नीट चालतायत ना म्हणून. प्रतीक्षा समोरच खिडकीत बसलेली होती. काकींनी फोन उचलला तेव्हा मागे गाडीचा आवाज येत होता. रुळाच्या जोडांवरून चाकं जाताना होतो तो आवाज, टकटक, टकटक, आणि वळणावर बारीक करकर.

"रोज दुपारची लायतंय मी," काकी म्हणाल्या. "जेवल्यार."

फोन कानाला लावून मी प्रतीक्षाकडे बघत होतो. ती डुलत होती. फार नाही, गाडीत बसलेला माणूस डुलतो तेवढी. टकटक, टकटक. वळणावरची करकर आली तेव्हा तिचा खांदा भिंतीकडे कलला.

"काकी," मी म्हणालो, "गाडी थांबवा."

"किदें?"

"थांबवा म्हणतो ना!"

फोनमधला आवाज मंदावला आणि थांबला. प्रतीक्षा किंचित पुढे झुकली, ब्रेक लागल्यावर झुकतात तशी, आणि पुन्हा मागे टेकली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "खंय पावलीं?"

मी फोनमध्ये विचारलं, "काकी, गाडी कुठं आहे?"

"तेरेखोलच्या वळणार."

दिवेलागणीपर्यंत प्रतीक्षा उठली नाही. मी तिच्या पायांशी बसून होतो, तिचे तळवे चोळत. मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. मला एवढंच कळत होतं की गाडी चालली तर ती दूर जाते, आणि थांबली तर तिथंच अडकते. आणि रोज ती थोडी कमी परत येत होती.

६

दुसऱ्या दिवशी तिला शेजारणीच्या हवाली करून मी पेडणं गाठलं. पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती.

काकींनी दार उघडलं. त्यांनी बाहेर जायचं लुगडं नेसलं होतं, आणि अंबाड्यावर अबोलीच्या फुलांची फाती माळली होती. नवरा गेल्यापासून त्यांच्या केसात फूल कुणी पाहिलं नव्हतं. मी विचारलं नाही. मला माझ्याच जिवाची घाई होती.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर, गोळ्या, झाडं, तेरेखोलचं वळण. त्या ऐकत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"सुधीर," त्या म्हणाल्या, "डब्यात एक फडको होतो. तांबड्या चौकड्यांचो. तो खंय गेलो?"

मी म्हणालो, "मी झाडून टाकला. कचरा वाटला."

काकी खुर्चीत बसल्या. "ते रजेर आयले म्हणजे आमी पणजेक जायत. बशीक ही गर्दी. ते फुडे धावत आनी खिडकेतसून रुमाल टाकीत. मी मागसून सावकाश येय. रुमाल आसा म्हणजे ती जागा पद्मावतीची. मगे कोणाची छाती जायत नाय थंय बसाक." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "हयसर पण त्यांनी माजी जागा धरून ठेवलली."

"आणि मी रुमाल काढला."

"तू काढलंस. जागा रिकामी दिसली, आनी मीच तिका म्हटलंय, बस. तिचो काय दोष?"

"तिला उठवा, काकी. मी पाया पडतो."

"बसलल्या माणसाक उठवतत काय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तिचां स्टेशन आयलां काय ती आपसूक उतरतली. डिचोलेक गाडी थांबय."

गाडी डिचोलीला थांबत नव्हती. मीच सांधा तसाच ठेवून दिव्यांच्या मागे लागलो होतो. मी गुडघ्यांवर बसून तो सांधा उघडला. पावसाळ्याच्या गंजानं पाती जागच्या जागी धरली होती. तेल, पॉलिशपेपर, स्क्रू ढिला, पुन्हा तेल. स्क्रू दोनदा हातातून सुटून डोंगरात गेला. शेवटी पाती सरकली.

काकींनी झडपं लावली. मी गाडी सोडली. तेरेखोलच्या वळणावरून ती निघाली, किल्ल्याखालून गेली, आणि चौकोन भिंतीवर आले. शेवटच्या डब्यात टोपी, आणि टोपीच्या शेजारी चापाचे दात. सावली खिडकीला टेकली होती. मी वेग कमी केला. गाडी फलाटाच्या रुळावर वळली आणि पाटीसमोर उभी राहिली. मी कंट्रोलरची मूठ शून्यावर आणली.

दिवे मंद व्हायला लागले. कपॅसिटरची वीज किती पुरते ते मला ठाऊक होतं, मीच तो निवडला होता. तेवढा वेळ गेला. बाकीच्या डब्यांचे चौकोन भिंतीवरून पुसले गेले. शेवटच्या डब्याचे राहिले.

"दिवचल," काकी हळूच म्हणाल्या, कंडक्टर सांगतो तसं. "उतर गो बाये."

चापाची सावली उठली. वरच्या फळीला डोकं लागू नये म्हणून वाकली, टोपीच्या पुढून सरकली आणि एकेक चौकोन ओलांडत दाराच्या दिशेनं गेली. शेवटच्या चौकोनात ती क्षणभर उभी राहिली. मग चौकोन रिकामा झाला.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कितें रे?" प्रतीक्षाच होती. "हांव पाणी भरतां. ही शेजान्न हांगा कित्याक बसल्या? आनी म्हाका केन्नाची भूक लागल्या, ताचें कितें?"

मला रडू आलं. मी फोन छातीशी धरून रडलो. काकींनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

७

शेवटच्या डब्याचा दिवा अजून जळत होता. टोपीवाला एकटा होता, आणि शेजारची खिडकी मोकळी.

मी खिशातून रुमाल काढला. कात्रीनं त्याचा नखाएवढा तुकडा कापला. "काकी, जागा परत धरून ठेवतो," मी म्हणालो. "या खेपेला चिकटवूनच टाकतो. कुणी हलवणार नाही."

"रुमाल कित्याक?" त्या म्हणाल्या. त्यांनी फातीवरून हात फिरवला, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. "मी आसंय मगे. सगळो जलम रुमालच बसान रवलो थंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी पेडण्याच्या फलाटाक लाय, आनी तू जा. तुजी बस चुकात."

मला कळलं. कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. रुद्रेशला फोन करता आला असता, दिवे काढून टाकता आले असते, निदान त्यांच्याजवळ बसून राहता आलं असतं. पण माझी बायको घरी पाणी भरत होती, आणि त्या वेळी मला जगात दुसरं काही नको होतं.

मी गाडी पेडण्याच्या फलाटाला आणली. कंट्रोलर काकींच्या मांडीवर ठेवला. हत्यारं पिशवीत भरली.

"येतो, काकी."

"बरां, बाबा. सांबाळून जा."

सोप्यावर चपला घालताना मला मागच्या खोलीतून आवाज आला. टकटक, टकटक. मी वळून पाहिलं. अर्धवट उघड्या दारातून खुर्चीची पाठ दिसत होती, आणि खुर्चीपलीकडची भिंत. भिंतीवर टोपी होती. टोपीला टेकून अंबाडा होता, आणि अंबाड्यावर फुलांचा उंचवटा. खुर्चीत कोण आहे ते बघायला मी आत गेलो नाही.

म्हापशाला बस बदलायची होती, तिथं डिचोलीची बस उभी होती. पाऊस, दुपार, तरी बस भरलेली. मी चढलो. समोरच खिडकीजवळची एकच जागा मोकळी होती, आणि तिच्यावर कुणीतरी बाहेरून टाकलेला रुमाल पडला होता. बस सुटली. वाटेतलं अस्नोडं गेलं तरी त्या रुमालाचा धनी आला नाही.

"बस रे," कंडक्टर म्हणाला. "जागा आसा न्ही."

"धरलेली आहे," मी म्हणालो, आणि डिचोलीपर्यंत उभा राहिलो.